चांदणी नसलेला आकडा

माझ्या बहिणीच्या कपाटात कुंकवाची एक जुनी पितळी डबी आहे. तिच्यात कुंकू नाही, चार दात आहेत. माझ्या भाचीचे, दुधाचे. पहिला पडला तेव्हा ती वीस महिन्यांची होती. साल १९९५. आमच्याकडे पडलेला दात कौलावर टाकायची पद्धत. पण भाईंदरच्या चार मजली इमारतीत कौल कुठून आणायचे, म्हणून ताईने तो डबीत ठेवला. इतक्या लवकर पडलेला दात टाकवेना, असेही ती नंतर म्हणाली.

दुधाचा दात पडतो तो झिजून. खालून कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते, आधार सुटतो आणि शेवटी हातात येते ती नुसती टोपी. हे साधारण सहाव्या वर्षी सुरू होते. डबीतले दात तसे नाहीत. त्यांची मुळे पुरती शाबूत आहेत, लांब आणि टोकाला निमुळती, जणू कोणी पक्कड लावून उपटले असावेत. पण रक्त नव्हते, रडणे नव्हते. मुलगी बिस्किट खात होती आणि दात बिस्किटात राहिला, एवढेच. त्या वेळी ज्या दंतवैद्यांना दाखवले त्यांनी ‘पडली असेल कुठेतरी’ म्हणून विषय संपवला. पुढच्या चार महिन्यांत शेजारचे तीन गेले.

मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालो आणि भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे हिशेब लिहिले. या लेखात जे वैद्यकीय आहे ते मी संध्याकाळी वाचून, जाणकारांना विचारून, न समजलेले पुन्हा वाचून मिळवले आहे. शास्त्रीय लेख वाचण्याची सवय पन्नाशीच्या जवळ आल्यावर लागली, त्यामुळे एक पान वाचायला आठवडा लागे. त्याचा एक फायदा झाला. जे शब्द तज्ज्ञ सवयीने ओलांडून जातात, तिथे मी अडखळत राहिलो.

भाची चालायला लागली ती दोन वर्षांची झाल्यावर, आणि तेही डुलत. मनगटे जाड, गुडघे एकमेकांवर घासणारे. एक्स-रे काढला आणि निदान झाले: मुडदूस. ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले की वाढत्या हाडात कॅल्शियम नीट बसत नाही, हाडे मऊ राहतात, तो मुडदूस. आपल्याकडे तो इतका आढळतो की ते निदान करणाऱ्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. एक्स-रे जवळपास तसाच दिसतो. सहा लाख युनिटांचे इंजेक्शन दिले गेले, महिन्याने दुसरे. दुसऱ्यानंतर मुलगी उलट्या करू लागली, पोट साफ होईना, दिवसभर मलूल पडून राही. तिसरे इंजेक्शन ताईने देऊ दिले नाही. कारण विचारले असते तर तिला सांगता आले नसते.

रक्ताचा अहवाल त्या इंजेक्शनांच्या आधीचा आहे. तो पिवळा पडलेला कागद आता माझ्याकडे आहे. त्यात एक ओळ अशी: अल्कलाइन फॉस्फटेज ५८. समोर छापलेले: १२९ पर्यंत. आकडा मर्यादेत, म्हणून शेजारी चांदणी नाही.

या ओळीत दोन चुका आहेत आणि दोन्ही छपाईतल्या आहेत. एक म्हणजे १२९ ही मोठ्या माणसाची मर्यादा. वाढत्या मुलाच्या हाडांत हे विकर जोरात काम करत असते, त्यामुळे त्याच्या रक्तातला आकडा मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणे हेच ठाकठीक. मुडदूस असेल तर तो त्याहूनही वर उसळतो. मुडदूस ओळखायची ती एक खूणच आहे. म्हणजे तीन वर्षांच्या, पाय वाकलेल्या मुलीच्या कागदावर ५८ हा आकडा ओरडून सांगत होता की हा मुडदूस नव्हे. दुसरी चूक ‘पर्यंत’ या शब्दात आहे. ‘पर्यंत’ला वरची हद्द असते, खालची नसते. अल्कलाइन फॉस्फटेज वाढले तर यकृत बिघडले का, पित्ताची वाट अडली का, हाडात काही आहे का हे बघायचे, असे शिकवले जाते. कमी झाले तर काय, याची चांदणी छापायची गरज कोणाला वाटलेली नसते. हिशेबनीसाला हे चमत्कारिक वाटते. गल्ल्यात जास्त पैसे निघाले तर आपण सावकाश शोधतो. कमी निघाले तर त्या रात्री कोणी घरी जात नाही.

भाईंदरच्या जुन्या माणसांना खनिज कसे जमते हे शिकवावे लागत नाही. राई-मुर्ध्याकडे जाताना मिठागरे लागतात. कारखान्यातले माझे एक सहकारी मुर्ध्याचे. त्यांच्याबरोबर मी ती पहिल्यांदा पायी हिंडलो. पावसाळा सरला की भरतीचे पाणी बांधाआड घ्यायचे, उन्हात तापवत एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत न्यायचे, आणि शेवटच्या वाफ्यात ते इतके घट्ट होते की मीठ धरून ठेवणे पाण्याला जमत नाही. मग एका सकाळी पृष्ठभागावर साय धरल्यासारखे कण दिसतात.

शरीरातले कोडे नेमके उलटे आहे. आपल्या रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच इतके असते की हाडाचे खनिज, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, त्यातून पडायला हवे. शेवटच्या वाफ्यातले पाणीच जणू आपल्या अंगात वाहते आहे. मग स्नायू, नसा, डोळे यांचे दगड का होत नाहीत? आणि खनिज पडते ते हाडात आणि दातातच, तेही आखून दिल्यासारखे, हे कसे?

पहिला धागा सापडला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये. रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ साली दाखवले की वाढत्या प्राण्यांच्या हाडांत एक विकर असते आणि ते सेंद्रिय संयुगांतून फॉस्फेट कापून मोकळे करते. त्यांचा तर्क असा की हे विकर हाडापाशी फॉस्फेटचा जादा पुरवठा करते, पाणी तिथे आणखी घट्ट होते आणि खनिज पडते. मिठागराच्या मालकाला पटेल असाच तर्क. (दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, हार्वर्डला फिस्के आणि आपले आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी फॉस्फरस मोजण्याची सोपी रंगपद्धत दिली. नंतर कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळा फॉस्फेट मोजत राहिल्या ते तिच्या जोरावर. या माणसावर मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे, पण तो विषय वेगळा.)

मग १९४८ साली टोरांटोचे डॉ. जॉन रॅथबन यांनी एका तान्ह्या मुलाची हकिकत लिहिली. मुडदुसासारखी हाडे, झटके, आणि मृत्यू. मुडदुसात जे विकर चढायला हवे ते या बाळाच्या रक्तात आणि हाडात नगण्य होते. रॅथबन यांनी या विकाराला नाव दिले हायपोफॉस्फटेशिया, म्हणजे फॉस्फटेज कमी असणे. पुढे असे रुग्ण दिसत गेले तेव्हा रॉबिसन यांचा तर्क अर्धाच बरोबर ठरला. कारण या रुग्णांच्या रक्तात फॉस्फेट कमी नव्हते. कॅल्शियमही कमी नव्हते; कधीकधी तर दोन्ही जास्तच. कच्चा माल दाराशी पडून होता आणि घर बांधले जात नव्हते.

उरलेला अर्धा भाग मूत्रातून मिळाला. स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश हे शोधत होते की मूत्रात क्षार एवढे असूनही सगळ्यांना मुतखडे का होत नाहीत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना उत्तर मिळाले: पायरोफॉस्फेट. दोन फॉस्फेट एकमेकांना जोडले की पायरोफॉस्फेट होते. ते नुकत्याच धरू पाहणाऱ्या स्फटिकाला चिकटते आणि त्याला वाढू देत नाही. घट्ट पाण्यात आपण दगड होत नाही त्यामागे हा राखणदार आहे. १९६५ साली ग्रॅहॅम रसेल यांनी दाखवले की हायपोफॉस्फटेशियाच्या रुग्णांच्या मूत्रात हे पायरोफॉस्फेट वाजवीपेक्षा पुष्कळ जास्त जाते. चित्र पुरे झाले. हाड घडवणाऱ्या पेशीच्या अंगावर बसलेले अल्कलाइन फॉस्फटेज त्या राखणदाराचे दोन तुकडे करते. अडथळा हटतो आणि तुकडे म्हणजे फॉस्फेटच, ते बांधकामाला लागते. विकर नसेल तर राखणदार जागचा हलत नाही. बाहेरून ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ओतत राहिलात तर दाराशी माल वाढतो एवढेच. माझ्या भाचीच्या उलट्या आणि तिचे मलूल पडणे मला याच ओळी वाचताना कळले, वीस वर्षांनी. रक्तातले कॅल्शियम वाढल्याची ती लक्षणे जशीच्या तशी तिथे छापलेली होती.

मिठागराची उपमा इथे सोडून द्यावी लागते. मिठागरात कोणी राखणदार नसतो. तिथे ऊन आणि वारा पुरतो.

दात आधी का पडतात, त्याचेही उत्तर यातच आहे. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती सिमेंटम नावाचा खनिजाचा पातळ थर असतो, आणि जबड्याच्या हाडातून आलेले तंतू त्या थरात रुतलेले असतात. दात झुल्यासारखा या तंतूंवर टांगलेला असतो. हायपोफॉस्फटेशियात हा थर धड तयारच होत नाही. तंतूंना धरायला जागा मिळत नाही आणि दात मुळासकट निसटतो, बहुधा खालचे पुढचे आधी. काही माणसांत हा विकार एवढ्यावरच थांबतो, हाडे चांगली राहतात. म्हणून पाच वर्षांच्या आत मुळासकट पडलेला दात ही या रोगाची सर्वांत स्वस्त तपासणी आहे. त्याला यंत्र लागत नाही. घरातल्या बाईने तो जपून ठेवलेला असला म्हणजे झाले.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस कळत नव्हती. या रुग्णांच्या रक्तात बी-६ जीवनसत्त्व खूप जास्त सापडते आणि तरी अतिगंभीर बाळांना बी-६ च्या अभावाचे झटके येतात. भरपूर असून अभाव? बी-६ रक्तात फिरते ते फॉस्फेटची गाठ बांधून, आणि ती गाठ सुटल्याशिवाय ते पेशीच्या आत शिरू शकत नाही. गाठ सोडणारे विकर तेच. रॅथबन यांच्या त्या बाळाचे झटके याच जातीचे असावेत. अमेरिकेतले मायकेल व्हाइट यांनी १९८५ साली बी-६ चे हे वाढलेले प्रमाण दाखवून दिले आणि निदानाला दुसरा भक्कम आधार मिळाला.

व्हाइट यांचे आयुष्य या एका रोगात गेले. १९८८ साली त्यांच्या सहकाऱ्यांसह झालेल्या कामातून या विकराच्या जनुकातला पहिला बिघाड नोंदला गेला. जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. आज त्यातले चारशेहून अधिक फरक माहीत आहेत. गंभीर रूपात आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावी लागते. सौम्य रूप एका प्रतीनेही दिसू शकते, आणि एकाच घरात एकाचे दात पडतात, दुसऱ्याला साठीपर्यंत काही होत नाही, असेही घडते.

किती जणांना होतो? टोरांटोच्या डोनाल्ड फ्रेझर यांनी १९५७ साली गंभीर रूपाचा अंदाज लाखात एक असा मांडला होता. पण कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातल्या मेनोनाइट पंथीयांत अडीच हजारांत एक बाळ असे निघते आणि पंचवीस माणसांत एक जण वाहक असतो. काही मोजक्या कुटुंबांची वस्ती, पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने. हे वाचले तेव्हा मी आमच्या लग्नपत्रिकांचा विचार करत बसलो. मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याकडे अनेक जातींत आहे आणि ती नसली तरी पंचक्रोशी ठरलेली असते. मी त्या पद्धतीला नावे ठेवत नाही. दुर्मीळ रोग सगळीकडे सारखाच दुर्मीळ नसतो, एवढेच.

आता जे सांगायचे ते मला सोपे नाही. २०१६ साली भाचीच्या पायाच्या पंज्याचे हाड चालता चालता मोडले. ती तेवीस वर्षांची होती. हाड जुळायला सात महिने लागले. न जुळणाऱ्या हाडांबद्दल वाचता वाचता मी या विकारापर्यंत पोचलो, ताईकडची जुनी फाइल मागवली आणि वीस वर्षांतले सात अहवाल टेबलावर ओळीने मांडले. अल्कलाइन फॉस्फटेज ५८, ३१, २७, २९, २४, २६, २५. सातांपैकी एकावरही चांदणी नव्हती. मी एका डॉक्टरांकडे विषय काढला. इंटरनेटवर वाचून येत जाऊ नका, असे ते म्हणाले. तोवर पाय बरा झाला होता. मीही गप्प बसलो. आपण बी. कॉम. माणूस, उगाच मुलीच्या लग्नाच्या वयात रोगाचे नाव कशाला उच्चारा, हा विचार त्यात नव्हता असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

२०२१ मध्ये तिची मांडी दुखू लागली. हाडांची घनता मोजली, ती कमी निघाली. तिने मला फोन केला. “मामा, आठवड्याला एकच गोळी आहे. उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही म्हणे.” एवढ्यावरून मला गोळी कोणती ते कळले.

ती बिस्फॉस्फोनेट गटातली होती. हाडे ठिसूळ झालेल्या लाखो वृद्ध स्त्रियांना या गोळ्यांनी मोडण्यापासून वाचवले आहे, त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण त्या आल्या कुठून ते पाहा. पायरोफॉस्फेट स्फटिकाला थोपवते हे कळल्यावर फ्लाइश आणि तेच रसेल यांनी, अमेरिकेतल्या फ्रान्सिस यांच्याबरोबर, त्याचा असा जुळा भाऊ हाताशी घेतला की जो अल्कलाइन फॉस्फटेजला कापता येणार नाही. १९६९ साली ते काम प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या मुलीच्या हाडात राखणदार हलत नाही हेच दुखणे, तिला दुसरा, कधीच न हलणारा राखणदार पाठवायचा. शिवाय या गोळ्या अल्कलाइन फॉस्फटेज आणखी खाली आणतात. अशा रुग्णांत त्या घेतल्यावर मांडीचे हाड बाहेरच्या बाजूने तडकल्याच्या नोंदी आहेत. आणि भाचीला दुखत होते ते तिथेच.

पहिली गोळी तिने घेतलेली होती. उरलेल्या तीन माझ्याकडे आहेत. या वेळी आम्ही सात अहवाल आणि कुंकवाची डबी घेऊन जनुकशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी डबी उघडली. एका दाताचे मूळ नखाने चाचपत त्या ताईला म्हणाल्या, “हे बरं केलंत तुम्ही.” बी-६ कित्येक पट जास्त आले. जनुकाच्या तपासात दोन वेगवेगळे बिघाड निघाले, एक ताईकडून, एक भावजींकडून. ताईकडचा माझ्यातही आहे. माझे अल्कलाइन फॉस्फटेज ३४ आहे आणि मला आजवर काही झालेले नाही.

उपचार आहे. कॅनडात सुरू झालेल्या कामातून अ‍ॅस्फोटेज अल्फा नावाचे इंजेक्शन तयार झाले. ते म्हणजे हेच विकर, पण त्याला दहा अ‍ॅस्पार्टिक आम्लांची शेपटी जोडलेली, म्हणजे ते हाडाला जाऊन चिकटावे. जी बाळे वाचत नसत ती त्याने श्वास घेऊ लागली, त्यांचे एक्स-रे महिन्यांत भरत गेले. व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ते २०१२ साली प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये जपान, युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आठवड्यातून तीन किंवा सहा इंजेक्शने, आयुष्यभर. अमेरिकेत वर्षाचा खर्च लाखो डॉलरांत जातो. आपल्याकडे २०२१ चे दुर्मीळ रोग धोरण आहे, त्याखालच्या केंद्रांत परळचे के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली गेली. पन्नास लाख ऐकायला मोठे वाटतात. आयुष्यभराच्या औषधासमोर ते किती दिवस पुरतील याचा हिशेब मी एका संध्याकाळी केला आणि वही मिटून ठेवली.

म्हणून भाचीच्या बाबतीत निदानाचा उपयोग मुख्यतः काय करायचे नाही हे कळण्यात झाला. त्या गोळ्या बंद. ‘ड’ आणि कॅल्शियम तपासून, लागेल तेवढेच. मांडीत सळई घातली आहे. दंतवैद्याकडे ती दर चार महिन्यांनी जाते आणि जाताना फाइल नेते. तिचे लग्न झाले. नवऱ्याने आपण होऊन स्वतःचे रक्त तपासून घेतले, ८२ आले.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबचा जमाखर्च बघतो. गेल्या श्रावणात तिथल्या संगणकावर अल्कलाइन फॉस्फटेजची चौकट उघडून पाहिली. खालच्या मर्यादेचा रकाना रिकामा होता. तिथला तंत्रज्ञ हुशार मुलगा आहे. त्याने मालकांना विचारून मोठ्यांसाठी खालची हद्द घातली, मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळी. दहा मिनिटांचे काम.

पहिल्या पंधरवड्यात तीन चांदण्या पडल्या. पहिलीत रक्त चुकून जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतले होते. तिच्यातले रसायन विकराला लागणारे झिंक आणि मॅग्नेशियम बांधून टाकते, म्हणून आकडा खोटा कमी येतो. पुन्हा घेतल्यावर नीट आला. दुसरी एका थायरॉइडच्या रुग्णाची, तिथेही तो कमी येऊ शकतो, तसे त्यांच्या डॉक्टरांना कळवले. तिसरा आकडा सहा वर्षांच्या मुलाचा आहे, ७१. दात कधी पडले आणि कसे, एवढेच त्याच्या आईला विचारायचे आहे. कागदावर लिहिलेला फोन अजून लागलेला नाही.